जुन्यातून केलेली भेट कुणाला द्यायची?



‘पर्यावरणपूरक ईद’ या विषयावर बोला, असा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत, रिसिव्हिंगच्या दारात उभी होते. समोर कंटेनर रिकामा होत होता. जर्मनीहून आलेला माल. पार्ट माझ्या तळहाताएवढा. त्याभोवती फोम, फोमभोवती पुठ्ठा, पुठ्ठ्याभोवती प्लास्टिकची फिल्म आणि सगळ्याच्या खाली लाकडी पॅलेट. मी स्टोअरमध्ये 9 वर्षं आहे. खरं सांगायचं तर गाडीच्या पार्टपेक्षा त्यांचं पॅकिंगच मला जास्त ओळखीचं आहे. त्यामुळे पर्यावरण मला कितपत कळतं माहीत नाही, पण पुठ्ठा कळतो. त्याबद्दल बोलते.

आपल्या या पट्ट्यात, भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे, निघोजे, रोज हजारो खोकी उघडली जातात. ती पुढे कुठे जातात हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? कंपनी भंगाराचं कंत्राट देते, कंत्राटदाराचा टेम्पो येतो आणि माल गेटबाहेर पडतो. अनेक वर्षं या मालाचा मोठा मुक्काम होता चिखलीजवळची कुदळवाडी. तिथे पुठ्ठा वेगळा व्हायचा, लाकूड वेगळं, प्लास्टिकचे आणखी प्रकार पडायचे, पॅलेटचे खिळे काढून फळ्या विकल्या जायच्या. काम करणारे बरेचसे उत्तर प्रदेशातून आलेले, त्यात आपले मुस्लिम बांधव पुष्कळ. मला फळ्या लागल्या की मी तिथूनच घ्यायचे.

फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडीत आठवडाभर कारवाई करून 4,000 हून जास्त अनधिकृत बांधकामं पाडली. गोदामं, शेड, छोटी वर्कशॉप. त्याआधीच्या डिसेंबरातच तिथे मोठी आग लागली होती. धुराची, प्रदूषणाची तक्रार आसपासचे लोक वर्षानुवर्षं करत होते, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण त्या शेडमध्ये राबणाऱ्यांचं पोटही खोटं नव्हतं. कारवाईनंतर दोनच आठवड्यांनी रमजान सुरू झाला. या रमजानची एक गोष्ट मला सांगायची आहे, पण ती थोडी नंतर. आधी तुम्हाला हवं असलेलं सांगते, म्हणजे काय करायचं आणि कसं करायचं.

पॅलेटच्या लाकडापासून सुरू करू. इन्स्टाग्रामवर पॅलेटचे शेल्फ, ट्रे, रेहाल असं सगळं दिसतं आणि वाटतं, उचललं लाकूड आणि केलं. थांबा. परदेशी पॅलेटवर एक शिक्का जाळलेला असतो. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, जर्मनीची DE, कोरियाची KR, आणि त्याखाली आणखी दोन अक्षरं. ती HT असतील तर लाकूड नुसतं तापवून किडमुक्त केलेलं आहे, अगदी आतपर्यंत 56 अंशांना अर्धा तास. ती MB असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. हा विषारी वायू आहे. MB दिसलं की मी फळीला हात लावत नाही. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे डाग असतील, तरीही नाही. लहान मुलांच्या आणि खाण्याच्या वस्तूंसाठी तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, गंज लागू नये म्हणून पार्ट ज्या कागदात गुंडाळून येतात, तो कागद. पिवळट, गुळगुळीत, मोठा मोहक दिसतो. आमच्याकडच्या एका मुलाने त्यात खजूर बांधून आणले होते! त्या कागदाला रसायन लावलेलं असतं. तो भेटवस्तूला वापरायचा नाही. केमिकलचे डबे, ड्रम, मशीन पुसायचं बनियन वेस्ट, तेही नाही. पुठ्ठा मात्र सोनं आहे. कोरडा, छपाई कमी असलेला पुठ्ठा कापा, दुमडा, जुनं कापड चिकटवा, मिठाईचा डबा तयार. आत स्वच्छ सुती रुमाल घाला, मिठाई थेट पुठ्ठ्याला लागायला नको.

आणि हो, कंपनीत काम करत असाल तर गेटमधून खिळासुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर नेऊ नका. ‘भंगारच तर आहे’ हे सिक्युरिटीला पटत नाही, आणि पटूही नये. भंगार कंत्राटाने विकलेलं असतं. मी 12 खोक्यांसाठी रीतसर अर्ज केला, साहेबांची सही घेतली, गेटपास केला. त्याला चार दिवस लागले. माझी ‘पर्यावरणपूरक भेट’ तिथेच निम्मी महाग पडली, पण नोकरी शाबूत आहे.

आता वेष्टन. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. मिठाईच्या डब्यावर गुंडाळतात ती पातळ फिल्म त्या यादीत आहे, आणि सजावटीचं थर्मोकोलही. तरी ईदच्या आदल्या रात्री बाजारात फिरून बघा. सोनेरी, चंदेरी चकचकीत कागदाचं तर विचारूच नका. तो मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. कागद असेल तर चुरगळलेलाच राहील, परत फुलला तर समजा प्लास्टिक आहे, रद्दीवालाही घेणार नाही.

आपल्या घरांत याला उत्तर आधीपासून आहे, आपण ते मागासलेपण समजून माळ्यावर टाकलं. शीरखुर्मा शेजारी पाठवायचा तर तबकावर क्रोशाचा रुमाल असायचा. रुमाल परत यायचा, आणि तबक रिकामं यायचं नाही. आमच्या चाळीत शेजारच्या काकूंनी दिवाळीला फराळ दिला की तो स्टीलचा डबा आमच्याकडे ईदपर्यंत राहायचा. मग शीरखुर्मा भरून जायचा. पुढच्या दिवाळीला परत चकल्या. झाकणावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं, कुणी विसरण्याची सोय नव्हती. एका डब्याने माझं सगळं लहानपण पार पाडलं. त्याला आम्ही ‘रीयूज’ म्हणत नव्हतो.

स्वस्त, झगमगीत सामानाबद्दल एक आठवण करून देते. 8 डिसेंबर 2023, तळवडे. वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्ती लावतात ना, ती तयार करणाऱ्या ठिकाणी आग लागली. होरपळलेल्या बहुतेक बाया होत्या. काही त्याच दिवशी गेल्या, काही नंतर हॉस्पिटलमध्ये. मृतांचा आकडा दहाच्या वर गेला. आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर. मिनिटभर जळणारी ती मेणबत्ती कुणीतरी हाताने भरलेली असते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. दुकानातली वस्तूही कुणाच्या तरी ‘हाताने केलेली’च असते. आपण तो शब्द फक्त महाग वस्तूंना वापरतो.

आता ती रमजानची गोष्ट.

2025 चा रमजान. आम्ही पाच-सहा मैत्रिणींनी ठरवलं, चिखलीकडच्या एका वस्तीत, जिथे भंगार निवडणारी कुटुंबं राहतात, तिथल्या मुलांना ईदची भेट द्यायची. आणि ती पर्यावरणपूरक द्यायची. जुन्या दुपट्ट्यांच्या 60 पिशव्या शिवल्या. पॅलेटच्या फळ्यांच्या पेन्सिलपेट्या केल्या, पॉलिशपेपरने घासून घासून माझी बोटं सोलवटली. फोटो काढले. फार छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

वस्तीत गेलो. वाटप सुरू झालं. एक बाई, माझ्या आम्मीच्या वयाच्या, पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. शिवण बघितली, अस्तर बघितलं. मला वाटलं, आता कौतुक करणार. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “बेटी, पुराना तो हम सालभर छांटते हैं. ईद को तो नया आने दो.”

रागाचा लवलेश नव्हता. पिशवी त्यांनी ठेवूनही घेतली. पण त्यांचा नातू पिशवीत हात घालून आत काय आहे ते शोधत होता, आणि आत काहीच नव्हतं.

परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही. एक मैत्रीण म्हणाली, “त्यांना पर्यावरण कळत नाही.” तिच्यावर मी तिथेच चिडले, पण खरं तर मी स्वतःवर चिडले होते. त्या बाईंना पर्यावरण माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या कंपनीचा पुठ्ठा त्यांच्या हातांनी वेगळा होतो म्हणून तो परत पुठ्ठा होतो. कचरा वेचणं हे काम आहे, ते करणारे कामगार आहेत, हे आपल्या शहरांत कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून सांगतेय. आणि मी त्या कामगार बाईला तिच्याच कामातलं सामान रिबीन लावून भेट दिलं होतं.

तेव्हापासून आम्ही उलटं करतो. जुन्यातून केलेली भेट आपल्या बरोबरीच्या माणसाला द्यायची, किंवा वरच्या. साहेबांना, सासरच्या मंडळींना, आयटीतल्या चुलतभावाला. त्यांना द्यायला लाज वाटत असेल तर ती वस्तू नीट झालेली नाही, परत उसवा. वस्तीतल्या मुलांना नवे कपडे द्यायचे, मापाचे. आणि ईदी द्यायची, कोऱ्या नोटेची. त्या बाबतीत मी पर्यावरणपूरक नाही, माफ करा. इसराफ करू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण उधळपट्टी ज्यांच्या घरात होते त्यांनी आधी ते ऐकायचं असतं.

दुसरा बदल म्हणजे पिशव्या आता आम्ही स्वतः शिवत नाही. वस्तीतल्याच दोघी शिवतात आणि त्यांना नगावर मजुरी मिळते. कापड जुनं असलं तरी मजुरी जुन्या भावाची नसते. यावर आमच्यात वाद झाला, “मग बाजारातली पिशवी स्वस्त पडते.” पडते. ती स्वस्त का पडते, हे तळवड्याबद्दल बोलताना सांगून झालंय.

शेवटी माझ्या दादीची गोष्ट, कारण हा सगळा गोंधळ तिला कधी पडला नाही. दादी बार्शीची. घरात मूल व्हायचं असलं की ती जुनी लुगडी, दादाजींच्या विरलेल्या लुंग्या काढायची आणि दुपारी गोधडी घालायला बसायची. महिना दीड महिना. कडेला सावकाश टाके, मध्ये चौकोन, कोपऱ्यांवर चिंध्यांचे त्रिकोण. वापरून वापरून मऊ झालेलं सूत बाळाच्या अंगाला टोचत नाही, नवं टोचतं, म्हणून जुनंच हवं असायचं. ती गोधडी कुणी ‘जुन्या कपड्याची’ म्हणून घेतली नाही. आम्ही चुलतभावंडं आजही भांडतो, कुणाच्या गोधडीत दादीचं लग्नातलं हिरवं लुगडं आहे यावरून. माझ्यात आहे. भाईजान मानत नाहीत.

तर यंदा ईदला माझ्या मैत्रिणीच्या होणाऱ्या बाळासाठी आम्ही तशी एक घालतोय. येत्या रविवारी जोहरनंतर माझ्या घरी बसणार आहोत. मुलगे आले तरी चालतील, धावदोरा यायला काही लागत नाही. प्रत्येकाने एक जुनी सुती साडी किंवा लुंगी आणायची. सिंथेटिक नको, बाळाला घाम येतो आणि थरही सरकतात. गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून आणा. आणि साडीचा फॉल घरीच उसवून या, गेल्या वेळी आमची अर्धी दुपार फॉल काढण्यातच गेली.