दोन गॅलिशिया

गॅलिशिया हे नाव युरोपातील दोन प्रदेशांना लाभले असून त्यांच्यात नावाखेरीज नाते नाही. स्पेनच्या वायव्येकडील गॅलिशिया हे नाव तेथील कॅलायकी या प्राचीन जमातीवरून आले. पूर्वेकडील गॅलिशिया मात्र नीस्टर नदीकाठच्या हालिच या नगराच्या नावाचे लॅटिन रूप होय. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी, म्हणजे रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी केलेली भूमीची वाटणी, झाली तेव्हा ऑस्ट्रियाने आपल्या वाट्याच्या मुलखाला हे नाव मुद्दाम दिले, कारण हालिचवर जुना हक्क सांगणाऱ्या हंगेरीचा मुकुट ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याकडेच होता. बळकावलेल्या भूमीला दिलेला तो कायदेशीरपणाचा मुलामाच होता. आज हा मुलूख पोलंड व युक्रेन यांत विभागलेला असून स्पेनमधील गॅलिशिया १९८१ पासून स्वायत्त प्रदेश आहे.