भांडी घासायचं यंत्र घ्यायचं का?

ही वेळ दुपारची भांडी आटपून जरा पाठ टेकायची. कुणाची भांडी अजून मोरीत पडली असतील तर पडू द्या, आजचं बोलणं त्यांच्याविषयीच आहे.

मी खटाव तालुक्यातली. घरात आम्ही नऊ माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, थोरला मुलगा आणि सून, धाकटा मुलगा, तीन नातवंडं. दावणीला चार जनावरं. सूनबाई अंगणवाडी सेविका आहे. सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत तिची कशी धावपळ असते ते तुम्हाला सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात तिनं मोबाईलवर एका यंत्राचं चित्र दाखवलं. भांडी घासायचं यंत्र, किंमत अडतीस हजार. मी पटकन बोलून गेले, "अगं, तेवढ्यात एक बरी कालवड येते. आम्ही राखेनं न् नारळाच्या शेंडीनं घासली, आमचं काय बिघडलं?" ती काही बोलली नाही. मोबाईल खाली ठेवला आणि मोरीत जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी तिची बोटं फुटली. आधी खाज, मग भेगा, मग रक्त. भाकरीचं पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले इसब आहे, मलम देतो, पण हात साबणाच्या पाण्यात जाऊ द्यायचा नाही. रबरी हातमोजे घालायचेच झाले तर आत सुती मोजे घाल. आता नऊ माणसांच्या घरात हात साबणात घालायचा नाही म्हणजे काय? तेव्हापासून भांडी मी घासायला लागले. आठ दिवसांत माझा गुडघा बोलायला लागला. पाटावर बसले की उठताना भिंत धरावी लागायची. मग मात्र मी स्वतःच म्हटलं, आण गं तो मोबाईल.

पण अडतीस हजारांची वस्तू नुसतं चित्र बघून कशी घ्यायची? सूनबाईनं वही काढली आणि आम्ही सात दिवस भांडी मोजली. हसू नका, तुम्हीही मोजून बघा. ताटं, वाट्या, फुलपात्रं, कपबशा, चमचे, पोरांचे डबे धरून दिवसाला एकशे चाळीसच्या आसपास वस्तू निघाल्या. सकाळी पन्नास मिनिटं, रात्री सत्तर. म्हणजे रोजचे दोन तास. पाणी पंधरा लिटरच्या सात बादल्या.

सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. म्हणजे जे पुरुष घरकाम करतात फक्त त्यांचेच ९७. ते पुरुष कुठल्या गावात राहतात, मला पत्ता हवा आहे.

वहीतून आणखी एक गोष्ट कळली. त्या एकशे चाळीसमधली मोठी भांडी जेमतेम पंचवीस. कढई, तवा, भाताचं पातेलं, दुधाच्या किटल्या, परात, कुकर. पण दोन तासांतला जवळजवळ एक तास ही पंचवीसच खातात.

माझी नणंद सातारला असते. तिच्याकडे हे यंत्र चार वर्षं आहे. एका रविवारी आम्ही दोघी सासूसुना तिच्याकडे गेलो, समोर उभं राहून बघितलं. मला वाटायचं आत कसली तरी घासणी फिरत असेल. तसं काही नाही. भांडी जाळीच्या कप्प्यांत उभी लावायची, तोंड खाली करून. ती हलत नाहीत. खालीवर भोकं पाडलेले पंखे असतात, त्यांतून गरम पाण्याचे फवारे जोरात येतात आणि त्या जोरानंच पंखे फिरतात. पाणी यंत्रच तापवतं, जास्तीत जास्त सत्तर अंशांपर्यंत. घासण्याचं काम ते कडक पाणी आणि एक वेगळी तीव्र पावडर करते. आपला नेहमीचा भांड्यांचा साबण त्यात घातला तर फेसच फेस होऊन बाहेर येतो. खरकटं आधी काढून टाकायचं, पण भांडं विसळून द्यायची गरज नाही. हळदीतेलाच्या वाट्या मी मुद्दाम बोट फिरवून बघितल्या. स्वच्छ होत्या.

नणंदेला विचारलं, कढई घालतेस का? ती म्हणाली, नाही वहिनी. लोखंडाचा तवा आणि कढई त्यात घातली तर मुरलेलं तेल निघून जातं आणि गंज चढतो. ॲल्युमिनियम काळं पडतं. कल्हईची भांडी, तांबं-पितळ, लाकडी पोळपाट-लाटणं, यांतलं काही घालायचं नाही. स्टील, काच, चिनी माती मात्र खुशाल घाला. मोठं पातेलं आत मावतं, पण ते एक घातलं की आठ ताटांची जागा जाते.

आता पाणी. एका वेळेला यंत्र साधारण दहा-बारा लिटर पाणी घेतं. सात बादल्यांपुढे हे काहीच नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्यासारख्यांना ही मोठी गोष्ट आहे. पण आमचं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तसलं. त्या क्षारांमुळे यंत्रात भांड्यांवर पांढरट डाग राहतात. त्यासाठी यंत्रात पाणी मऊ करायची सोय असते आणि तिला खास जाडं मीठ घालत राहावं लागतं. स्वयंपाकातलं बारीक मीठ चालत नाही. पाणी जितकं जड तितकं मीठ जास्त. शिवाय पावडर, आणि भांडी कोरडी निघावीत म्हणून घालायचं एक पातळ औषध. वीज एका वेळेला एक ते दीड युनिट. आम्ही सगळं मिळून एका वेळेचे वीस-पंचवीस रुपये धरले. रोज रात्री एकदा लावलं तर महिन्याला सहा-सातशे. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही, तो फक्त हप्ता सांगतो.

यंत्राचं खारट, तीव्र पाणी परसात सोडता येणार नाही हेही तिथंच लक्षात आलं. आमच्या मोरीचं पाणी अळूला आणि केळीला जातं. यंत्राची नळी वेगळी शोषखड्ड्यात न्यावी लागणार.

वायरमननं घर बघून दोन गोष्टी सांगितल्या. पाणी तापवणारी वस्तू आहे, दोन हजार वॅटच्या आसपास ओढते. तिला सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग पाहिजे आणि अर्थिंग पक्कं पाहिजे. आमचं अर्थिंग नावालाच होतं. तेव्हा यंत्र घ्या न घ्या, ते आधी करून घ्या म्हणाला. घरातल्या इन्व्हर्टरवर हे चालणार नाही. प्लंबर म्हणाला, नळाला दाब लागतो. टाकी यंत्राच्या वर दहा फूट असेल तर जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. आपल्या यंत्राला किती लागतो ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पैसे मोजायच्या आधी ते वाचा. आमची टाकी मोरीच्या पत्र्यावर, डोक्यापेक्षा हातभर उंच!

एक जुनी गोष्ट सांगते. असलं यंत्र पहिल्यांदा चांगलं चालवून दाखवलं ते अमेरिकेतल्या एका बाईनं, जोसेफिन कॉक्रेन तिचं नाव. नवरा गेला, मागे कर्ज राहिलं, आणि तिनं यंत्र तयार करून १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. घेतलं कुणी? हॉटेलांनी. घरांत इतकं गरम पाणी नव्हतं म्हणून घरात यायला त्याला कितीतरी वर्षं लागली. तिथंही पाण्यावरच गाडी अडली होती, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

मग विषय आला गटात. निम्मे पैसे दुधाचे साठलेले होते, वीस हजार कर्ज मागितलं. तिथं जे झालं ते सांगायला मला संकोच नाही, कारण तुमच्या गटातही हेच होईल. एक जण म्हणाली, शिलाई मशीनला कर्ज देऊ, पिठाच्या गिरणीला देऊ, शेळीला देऊ. भांड्याच्या मशीननं काय कमाई होणार? दुसरी म्हणाली, सुनेचे लाड. मी गप्प बसले, कारण दोन महिन्यांपूर्वी मीच ते म्हटलं असतं. सूनबाईनं वही पुढं ठेवली. म्हणाली, "गेल्या वर्षी याच गटानं मोटारसायकलच्या दुरुस्तीला कर्ज दिलं, तेव्हा कमाई कुणी विचारली नव्हती." सगळ्या हसल्या, पण अध्यक्षांनी प्रश्न बरोबर विचारला. त्या म्हणाल्या, "हप्ता कोण भरणार? आणि ती पंचवीस मोठी भांडी कोण घासणार? तुझे हात तर बरे नाहीत, सासूचा गुडघा गेलाय."

याचं उत्तर आमच्या वहीत नव्हतं. मशीन आलं तरी कढई मोरीतच राहणार होती.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. हे म्हणाले, गड्याला सांगू. गडी म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारा, तोही शेतावर. मग मी थोरल्याला म्हटलं, "बाबा, मशीन येईपर्यंत बारकी भांडी मी आणि पोरं मिळून उरकतो. पोरं आपापलं ताट धुतील. मोठी भांडी तुझी, आजपासून." सासूबाई म्हणाल्या, पोरगा मोरीत बसणार? मी म्हटलं, बसायचं कारण नाही, आपण ओटा करू. आणि खरंच, मोरीत कमरेएवढा ओटा बांधून घेतला, वर नळ काढला. विटा घरच्याच होत्या, गवंड्याची दोन दिवसांची मजुरी. माझ्या गुडघ्याला त्यानं जो आराम मिळाला, तो कुठल्या गोळीनं मिळाला नव्हता. हे वीस वर्षांपूर्वी का सुचलं नाही म्हणून माझा मलाच राग आला. ज्यांना मशीन घ्यायचंच नाही त्यांनी एवढं तरी कराच.

गटानं कर्ज मंजूर केलं, हप्ता थोरल्याच्या नावावर. टाकी वर चढवायचं काम या महिन्यात, अर्थिंग झालं आहे, दिवाळीनंतर मशीन घ्यायचं ठरलं. सूनबाईची बोटं आता भरत आली आहेत.

थोरल्यानं पहिले तीन दिवस मुकाट्यानं भांडी घासली. चौथ्या दिवशी भाताचं पातेलं खाली लागलं होतं. तारेची घासणी हातात धरून तो ओट्यापाशी उभा, कोपरापर्यंत काळा. मला म्हणाला, "आई, हे एवढं मोठं पातेलं मावेल असलं मशीन नसतं का? आणि दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं?"