सक्तीचे शिक्षण आणि समाजाची घडण

शिक्षण आणि समाज यांचा निकटचा संबंध आहे, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, असे विचारण्याची कुणाला गरजही वाटत नाही. परंतु शिक्षणामागचे तत्त्वज्ञान लोकांच्या जीवनात कोणत्या वाटेने उतरते, हे पाहावयाचे असेल, तर एखाद्या राज्याने प्रत्यक्ष काय केले आणि त्याचे काय झाले, याचाच विचार करावा लागतो. त्यासाठी आज मी बडोदे संस्थानाचे उदाहरण घेणार आहे. बडोदे मराठी माणसाला परके नाही. पिढ्यान्पिढ्या मराठी कुटुंबे तेथे नांदत आली आहेत. पण केवळ आपुलकीपोटी मी हे उदाहरण घेत नाही. शिक्षणाच्या बाबतीत या संस्थानाने काही मूलभूत प्रश्नांची उत्तरे कायद्याने देऊन पाहिली, आणि त्या उत्तरांतले बळ व उणीव ही दोन्ही पुढे समाजात जशीच्या तशी उमटली, म्हणून घेत आहे.

हे प्रश्न तीन आहेत. शिकवावयाचे कोणाला? शिकवावयाचे काय? आणि कोणाला कोणाबरोबर बसवून शिकवावयाचे?

पहिल्या प्रश्नाचे इंग्रजी राजवटीत रूढ झालेले उत्तर असे होते की, आधी वरच्या वर्गांना शिकवावे, म्हणजे ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. या उत्तरातला अन्याय महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्टपणे मांडला. सरकारचा महसूल प्रामुख्याने शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र उच्च वर्गांच्या पदरात पडतो, हे दाखवून देऊन, निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. ती मागणी त्या वेळी मान्य झाली नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८८१ साली, बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली होती. १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला, तेव्हा त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. बारा वर्षांच्या मुलाला शिकविले तर काय घडू शकते, याचा पुरावा त्यांना दुसरीकडे शोधावयास नको होता. १८९३ साली त्यांनी काठेवाडातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. प्रयोगासाठी पुढारलेले राजधानीचे शहर न निवडता एक मागासलेला, आडबाजूचा मुलूख निवडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १९०६ साली कायद्याने ही सक्ती सबंध संस्थानाला लागू झाली. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा, अशी वयोमर्यादा आरंभी ठरविण्यात आली.

आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु सक्ती या शब्दाचा अर्थ काय होता, तो पाहा. मूल हे बापाच्या शेतावरचे किंवा आईच्या चुलीपुढचे एक कामाचे माणूस आहे, ही समजूत शतकानुशतकांची. गुरे राखणे, धाकटे भावंड सांभाळणे, पाणी भरणे हा त्याचा दिनक्रम. त्या मुलाचा स्वतःचा असा काही हक्क आहे आणि तो घरच्या गरजेहूनही वरचढ आहे, असे कायद्याने सांगणे म्हणजे कुटुंबसंस्थेच्या आत एक नवे मूल्य नेऊन ठेवणे होते. ते सुखासुखी घडले नाही. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होई, आणि त्याचा भार साहजिकच मोलमजुरी करणाऱ्या घरांवर अधिक पडे. पटावरची नावे आणि वर्गातली हजेरी यांत अंतर राही. हे सर्व दोष मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक उरते. सर्वांना शिकविणे अशक्य आहे, असे यापुढे कुणाला सहजासहजी म्हणता येईना.

याचा प्रत्यय लवकरच आला. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. विधेयक अत्यंत सौम्य होते. नगरपालिकांना व लोकल बोर्डांना आपापल्या हद्दीत सक्ती करण्याची केवळ मुभा त्यात होती. तरीही लोकांची तशी मागणी नाही, पैसा नाही, अशी कारणे पुढे करून १९१२ च्या मार्च महिन्यात ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळण्यात आले. एका संस्थानाला जे परवडले, ते साम्राज्याला परवडेना! पैशाची अडचण खोटी होती असे नाही. पण पैसा कशासाठी काढावा, हे ठरविणारी गोष्ट तिजोरी नसते, मूल्य असते.

आता दुसरा प्रश्न : शिकवावयाचे काय? केवळ अक्षरओळख म्हणजे शिक्षण नव्हे, हे बडोद्याच्या कारभाऱ्यांच्या अनुभवास आले. खेड्यातला मुलगा चार-पाच इयत्ता शिकतो, शाळा सोडतो, आणि वाचावयास काही हाती नसल्यामुळे पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांची योजना हाती घेतली. गुजरातेत मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकांनी लोकांच्या बळावर वाचनालयांची चळवळ आधीच सुरू केली होती; तिला राज्याची जोड मिळाली. गावातील ग्रंथालयाचा खर्च तीन वाट्यांत विभागलेला असे. एक वाटा गावकऱ्यांनी उभा करावयाचा, एक स्थानिक मंडळाने द्यावयाचा आणि एक सरकारने. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली जात. एका गावची वाचून झाली की पेटी पुढच्या गावी जाई. या व्यवस्थेत एक विचार दडलेला आहे. ज्ञान ही सरकारने दिलेली भीक नव्हे; ती गावाची मिळकत आहे, आणि तिच्यासाठी गावाने पदरचे चार पैसे घातले पाहिजेत.

हाताच्या कामाविषयीही बडोद्याने असाच एक निर्णय घेतला. १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन निघाले. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला हे विषय तेथे शिकविले जात, आणि ते शक्य तितके देशी भाषेतून शिकवावे, असा गज्जर यांचा आग्रह होता. ज्या काळात शिकणे म्हणजे कचेरीत लेखणी धरण्याची पात्रता मिळविणे असे समीकरण होते, त्या काळात रंगाऱ्याचे व विणकऱ्याचे कसब विद्येच्या पंक्तीला बसविणे ही साधी गोष्ट नव्हती. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनात शिकले. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना स्थापन केला. पुढे बडोदे रसायन व औषधनिर्मितीचे केंद्र बनले, त्याची मुळे अशा प्रयोगशाळांत सापडतात. कसबाला दिलेल्या प्रतिष्ठेचे पीक तेथे उद्योगाच्या रूपाने वर आले.

मुलींच्या बाबतीतही तसेच झाले. १९०४ साली संस्थानाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला आणि दोन वर्षांनी मुलींनाही शाळेची सक्ती लागू केली. त्याच बडोद्याच्या कॉलेजात शिकलेल्या हंसाबाई मेहता १९४९ साली नव्याने स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना पहिल्या कलमातील केवळ पुरुषवाचक शब्दाला त्यांनीच हरकत घेतली, आणि १९४८ साली ते कलम सर्व मानवांना उद्देशून मान्य झाले.

येथवरचे चित्र उजळ आहे. परंतु तिसऱ्या प्रश्नापाशी आपल्याला थांबावे लागते. कोणाला कोणाबरोबर बसवून शिकवावयाचे? बडोद्याने अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना पुस्तके दिली, वसतिगृहे दिली. पण या शाळा दीर्घकाळ वेगळ्या होत्या. स्पृश्य शिक्षक तेथे शिकविण्यास तयार नसत, म्हणून मुसलमान किंवा आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागत. म्हणजे, प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, हे तत्त्व राज्याने मानले. पण सर्व मुलांनी एकत्र शिकले पाहिजे, हे तत्त्व समाजाच्या गळी उतरविण्याचे काम मागे पडले.

याचा परिणाम इतिहासात नोंदलेला आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे संस्थानाची नोकरी करण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास परतले, तेव्हा राहावयास त्यांना जागा मिळेना. अखेर नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला एक जमाव तेथे आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना फर्माविण्यात आले. ओळखीच्या मंडळींनीही आसरा दिला नाही. जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठात शिकून आलेल्या त्या तरुणाला शहरातील सार्वजनिक बागेत बसून आगगाडीची वेळ होण्याची वाट पाहावी लागली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

एकाच राज्याने या तरुणाला महासागरापलीकडे विद्येसाठी धाडले आणि त्याच राज्याच्या राजधानीने त्याला एक खोली नाकारली, हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे. शिक्षणाच्या दोन प्रश्नांची दोन भिन्न उत्तरे दिली गेली होती. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने फळाला आली. त्यांना हाकलून देणारे लोक अडाणीच होते, असेही म्हणता येत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळा पाहिलेली असेल, पुस्तके वाचलेली असतील. परंतु ज्या बालवयात शेजारच्या मुलाच्या डब्यातले खाऊन त्याची जात विसरावयाची असते, त्या वयात त्यांना तसा शेजार लाभला नव्हता. ती उणीव पुढे कोणत्याही पुस्तकाने भरून निघाली नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि दोनच वर्षांनी, १९१९ साली, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हुकुमाने मने तात्काळ बदलतात असे नाही. पण सक्ती आणि सहवास ही एकाच तत्त्वाची दोन अंगे आहेत, हे त्या हुकुमाने मान्य केले.

श्रोतेहो, हा इतिहास मी आज सांगत आहे याचे कारण असे की, तिसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. राज्यघटनेने १९५० साली चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत सक्तीचे मोफत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेविले. ते मूलभूत हक्क म्हणून घटनेत येण्यास २००२ साल उजाडले, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शिकवावयाचे कोणाला, याचे फुल्यांनी मागितलेले उत्तर कायद्याच्या पुस्तकात अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षांनी आले. त्याच कायद्यात एक कलम असे आहे की, विनाअनुदानित खासगी शाळांनीही प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा मात्र त्यातून वगळल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने नियमात बदल करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे केले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

या वादात खासगी शाळांचीही एक बाजू आहे. सरकारकडून मिळावयाची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, ही त्यांची तक्रार निराधार नाही. पण त्या बदलामागचा युक्तिवाद पाहा : जवळ दुसरी शाळा आहे ना, मग गरिबाच्या मुलाने तिथे जावे. शिक्षण मिळाले म्हणजे झाले, शेजार कोणाचा हा प्रश्न गौण, असाच त्याचा अर्थ होतो. जुन्या वेगळ्या शाळांमागेही याहून निराळा विचार नव्हता. पूर्वी जातीची भिंत होती, आता फीची आहे. आणि पुष्कळ ठिकाणी एका भिंतीमागे दुसरी उभी असते.

सरकारी शाळा इतकी चांगली असावी की, कलेक्टराने आणि त्याच्या शिपायाने आपापली मुले तिथेच घालावीत, हा यावरचा खरा उपाय होय. तो दूरचा वाटला, तरी अशक्य म्हणून सोडून देता येणार नाही. अमरेलीचा प्रयोगही १८९३ मध्ये अनेकांना अशक्यच वाटला असेल. तोवर निदान एवढे आपल्या हाती आहे. आपल्या मुलासाठी शाळा निवडताना निकाल, इमारत आणि माध्यम यांची चौकशी आपण करतोच. त्याच्या बाकावर शेजारी कोण बसणार आहे, हेही विचारावे, आणि तो शेजारी आपल्यापेक्षा निराळ्या घरातला असेल, तर ते त्या शाळेचे वैगुण्य न मानता तिचे मोठेपण मानावे.