गंगापूर रोडवरचा गाळा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी ‘सध्या काय करतेस’ यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. निवृत्त माणसं करतात तेच करते. त्याऐवजी गेल्या महिन्यात पाहिलेल्या एका गाळ्याबद्दल बोलते. त्यात माझा स्वार्थ आहे, तो शेवटी सांगेन.

आपल्या वेळचा गंगापूर रोड आठवा. अशोकस्तंभ सोडला की थोड्या वेळात गाव संपायचं, पुढे द्राक्षबागा. आता सोमेश्वरपर्यंत दुकानांची रांग आहे आणि तिच्यात एखादं शटर कायम बंद. असाच एक कपड्यांच्या दुकानाचा गाळा मालकाने नवा भाडेकरू येईपर्यंत वापरायला दिला आहे. भाडं नाही, फक्त लाइटबिल. आसपासची चार-पाच माणसं तिथे रोज साडेचार ते सात मुलांना आणि बायकांना शिकवतात. संस्था नाही, पाटी नाही.

कपडे लटकवायच्या दांड्यांवर बाराखडीचे तक्ते टांगलेत. ट्रायल रूममध्ये सतरंजी टाकली आहे. एका वेळी एकाने आत बसून मोठ्याने वाचायचं, म्हणजे कोणी हसत नाही. मोठा आरसा काढता आला नाही, म्हणून त्यावरच खडूने गणितं. मी गेले तेव्हा अकरा मुलं होती. पेठ-सुरगाण्याकडून बांधकामावर आलेल्यांची ही मुलं. काम संपलं की आईबाप हलतात आणि वही अर्धी राहते. चार बायकाही होत्या, समोरच्या इमारतींत धुणंभांडी करणाऱ्या. रस्त्यावरून दिसतं म्हणून त्या संकोचत, तेव्हा काचेला खांद्याइतक्या उंचीचं वर्तमानपत्र चिकटवलं. आता मुलं तेच वर्तमानपत्र वाचतात, त्यातल्या जमिनींच्या जाहिरातींसकट.

मी विचारलं, एवढ्या शाळा आहेत, तिथलीच एखादी खोली का नाही घेतली? त्यांतली एक बाई म्हणाली, “शाळेच्या फाटकातून जायला भ्या वाटतं. दुकानात कुणीपण शिरतं.” आपल्यातल्या निम्म्यांनी जन्मभर शिकवलं, पण फाटकाचा असा विचार कोणी केला होता का?

ही बाई सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहे. मुलगी नववीत आहे, तिच्या आधी व्हायचं म्हणते. याच रस्त्याने सरळ गेलं की धरणाजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालापासून. शाळा सुटलेल्यांसाठीच ते निघालं. कितीतरी वर्षं पूर्वतयारीची परीक्षा देऊन तिथे पदवीला जाता येई. पण मुक्त असलं तरी विद्यापीठच ते. तिथवर पोचायच्या आधी कोणीतरी शेजारी बसून अर्ज वाचून दाखवावा लागतो. ते काम या गाळ्यात चालतं.

नाशिकला यात नवल वाटू नये. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, तेव्हा वाचकाने ग्रंथालयात यायची वाटही पाहिली नाही. पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गट आपसांत पेट्या बदलतात. त्याही मागे जायचं तर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा ज्याला सवड नाही त्याच्या सवडीने शाळा. गाळ्याची वेळही धुणंभांडी उरकल्यानंतरची आहे, ती उगाच नाही.

आता स्वार्थ. गाळा ३१ मेपर्यंतच आहे. मग तिथे केकचं दुकान येतंय. मालकाची काही चूक नाही, फुकट किती दिवस द्यायचा? पण सतरा नंबरवाल्या बाईची परीक्षा पुढच्या मार्चमध्ये आहे.

आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून शाळेला कमान बांधायची, असं बैठकीत ठरत आलंय. मला ते पटत नाही. गुरुजनांची नावं दगडात कोरलेली मलाही आवडतील, पण शाळेला फाटक आहे, चांगलं भक्कम आहे. त्या पैशात जवळपासच्या छोट्या गाळ्याचं वर्षाचं भाडं निघेल. शिवाय आपल्यात तिघे बांधकाम व्यवसायात आहेत (मान खाली घालू नका रे, नावं घेत नाही). तुमचा एखादा गाळा पडून असेल तर भाड्याचाही प्रश्न मिटेल. शाळेचे जुने बाक लागतील, तेवढे सरांनी मनावर घ्यावं. आणि इंग्रजी शिकवायला कोणी नाही.

निर्णय आज जेवणानंतरच्या बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी कोणाला पाहायचं असेल तर आज शक्य नाही, रविवार आहे. उद्या साडेचारला मी जाणार आहे, म्हणून बैठक परवावर ढकलावी अशी विनंती. माझ्या गाडीत चार जागा आहेत. बाई, पुढची तुमची.