तेराव्या थराला जागा नाही



अध्यक्षाने विज्ञानाची थोरवी गावी आणि खाली बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे. ती आज मोडतो. आदिलाबादच्या मराठी विज्ञानशिक्षकांपुढे मला एकाच रेणूविषयी बोलायचंय, तो म्हणजे ग्लायकोजेन. तक्रारही एकच आहे: आपण तो फळ्यावर सपाट काढतो आणि त्यातलं निम्मं शास्त्र तिथेच पुसून टाकतो.

पुष्य अमावास्येच्या नागोबा जत्रेआधी केसलापूरचे मेश्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी निघतात. सपाटीवर चालताना चरबीच जास्त जळते. पण चढ लागला, पाय उचलावे लागले, की स्नायू ग्लायकोजेनच्या साठ्याला हात घालतात. क्लोद बर्नारने 1857 मध्ये हा पदार्थ यकृतातून वेगळा केला. तो ग्लुकोजचा बनलेला आहे हे समजलं, तरी ग्लुकोज जोडलेत कसे यावर बराच काळ वाद होता. स्टॉडिंगर म्हणाला, एकच मुख्य साखळी आणि तिलाच सगळ्या फांद्या. हॉवर्थचं चित्र वेगळं होतं. 1940 मध्ये मायर आणि बर्नफेल्ड यांनी फांदीला फांदी फुटणारं झुडूप मांडलं, आणि पुढे व्हेलन व सहकाऱ्यांनी त्यात सुधारणा करून जे रूप दिलं ते आजही पुस्तकांत आहे.

त्याचं गणित सातवीतलं पोरही करेल. एका साखळीत साधारण 13 ग्लुकोज, आतल्या प्रत्येक साखळीवर दोन फांद्या. पहिल्या थरात एक साखळी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, बाराव्यात 2,048. एकूण 4,095 साखळ्या, म्हणजे सुमारे 53,000 ग्लुकोज. त्यातले निम्मे बाहेरच्या थरात, आणि त्यांतले बरेचसे पटकन तोडता येतील असे. मग तेरावा थर का नाही? फळ्यावर याला उत्तर नाही, कारण फळ्यावर फांद्या हव्या तेवढ्या काढता येतात.

रेणू गोल आहे हे मान्य केलं की उत्तर समोर येतं. तेराव्या थरात साखळ्या दुप्पट होतात, पृष्ठभाग मात्र जेमतेम सतरा टक्क्यांनी वाढतो. इतक्या दाटीत विकरांना शिरायलाच जागा उरत नाही. साठा असून हाती लागत नाही. मेलेंदेझ-हेविया आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं की साखळीची ही लांबी आणि दोन फांद्या हा जवळजवळ उत्तम हिशेब आहे. आकाराची कल्पना यावी म्हणून एक ग्लुकोज म्हणजे ज्वारीचा दाणा समजा. मग बारा थरांचा हा रेणू फुटबॉलएवढा होईल, आणि त्यात दाणे भरतील दीड-दोन किलो. चेंडूतली पाऊण जागा पाण्याचीच.

या साखळ्या हव्या तशा वळतही नाहीत. जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 मध्ये प्रथिनांच्या साखळीला कोणते कोन चालतात याचा नकाशा काढला. त्याच रीतीने 1967 मध्ये व्ही. एस. आर. राव, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अमायलोजचा, म्हणजे स्टार्चमधल्या जवळजवळ बिनफांदीच्या साखळीचा, हिशेब मांडला. सरळ साखळीतल्या 1,4 सांध्यात दोन बंध फिरतात, फांदीच्या 1,6 सांध्यात तीन. संगणकावर हा रेणू उभा करणाऱ्यांना खरा घाम फोडतो तो हा तिसरा बंध.

आता थोडं उलट बोलतो. व्हेलनचं प्रारूप मला जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. खऱ्या रेणूत साखळ्या लहानमोठ्या असतात, स्नायूंतले बहुतेक कण बारा थरांपर्यंत पोचतच नाहीत, आणि यकृतात असे कण एकत्र येऊन मोठे झुबके होतात. मधुमेही उंदरांच्या यकृतातले झुबके लवकर फुटतात, असं क्वीन्सलँडमधल्या गिल्बर्ट यांच्या गटाला आढळलं. अँडरसनच्या आजारात फांद्या लावणारं विकर कमी पडतं. साखळ्या लांबतात, ग्लायकोजेन नीट विरघळत नाही आणि यकृत खराब होतं. हे मुलांना सपाट चित्रावरून कसं पटवणार?

म्हणून एक सूचना. निर्मळचे कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात. त्यांच्याकडून पहिले पाच थर करून घेऊ: 31 साखळ्या, 403 मणी. उरलेले सात थर मुलं वहीत करतील. फक्त कारागिरांना आधीच बजावावं लागेल, की 1,6 चा सांधा चिंचोक्याच्या खळीने घट्ट बसवू नका, तो फिरता हवा.