लापोडियाचं गायरान



राजस्थानची राजधानी जयपूर. तिथून ८० किलोमीटरवरचं लापोडिया गाव आम्ही पाहून आलो. मुलूख आपल्यासारखाच कोरडवाहू, पण गावात शिरलं की सावली. गायरानात तीन बाजूंनी बुटके बांध. त्याला ते चौका म्हणतात. पाणी वीतभर, म्हणजे ९ इंच साचलं की पुढच्या चौक्यात उतरतं. जास्त तुंबलं तर गवत कुजेल ना! हे काम उभं करणाऱ्या लक्ष्मण सिंहांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आमची नजर मात्र दुधाच्या रोख पैशावर होती. चाऱ्याला मोल आलं म्हणून झाड टिकलं. आपल्याकडे कपाशीनं ज्वारी हटवली, कडबा गेला, दावणी रिकाम्या झाल्या. गायरान तरी शिल्लक आहे का? पुढच्या बैठकीला त्याचा सातबारा काढून आणा.