हाती घेतलेले काम आणि दारी आलेले बोलावणे



महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात नोकरीला मोठे स्थान आहे. रेल्वे, टपाल, बँक, संरक्षण खाते, कारखाना यांच्या मागोमाग ही कुटुंबे परमुलखात आली, स्थिरावली, आणि मुलांना मातृभाषेतून शिकता यावे म्हणून त्यांनी पदरमोड करून शाळा उभ्या केल्या. त्या पिढीने बहुधा एकच नोकरी केली. रुजू झाल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख, एवढ्या दोनच नोंदी तिच्या सेवापुस्तकात ठळक असत. त्यांच्या नातवंडांचे तसे नाही. तिशीच्या आतच दोन-तीन कंपन्या पाहून झालेल्या असतात, आणि घराघरांत एक प्रश्न हटकून निघतो. हातातले काम निम्म्यावर आले आहे आणि दुसरीकडून चांगले बोलावणे आले आहे. जावे की थांबावे? आजोबा म्हणतात, थांब. मित्र म्हणतात, जा. त्या निम्म्यावर आलेल्या कामाचे पुढे काय होणार, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

ते विचारणाऱ्या एका माणसाची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे.

३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवळम येथे डॉ. विक्रम साराभाई यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे ५२. अवकाश कार्यक्रम आणि अणुऊर्जा आयोग या दोन्हींची धुरा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती. इस्रोची स्थापना होऊन अडीच वर्षेही झाली नव्हती. थुंब्याहून लहान अग्निबाण उडत होते. पण देशाचा स्वतःचा उपग्रह अजून व्हायचा होता आणि तो वाहून नेणारा प्रक्षेपकही. एका माणसाच्या जाण्याने एवढे मोठे काम पोरके व्हावे, ही त्या रचनेतील उणीवच म्हणावी लागेल. पुढे ही दोन्ही पदे निराळ्या व्यक्तींकडे गेली, हे योग्यच झाले.

पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी अवकाश कार्यक्रमासाठी प्राध्यापक सतीश धवन यांना बोलावणे धाडले. धवन तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे होते. त्याच संस्थेतून त्यांनी १९५१ साली डॉक्टरेट मिळवली होती. १९६२ पासून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते आणि तिथून अभ्यासरजा घेऊन काही काळासाठी अमेरिकेत अध्यापन-संशोधनाला गेले होते. म्हणजे एक सोडून दोन कामे मध्यावर होती. एकीकडे विद्यार्थ्यांना दिलेला शब्द, दुसरीकडे दहा वर्षे घडवत आणलेली संस्था. आणि बोलावणे साक्षात पंतप्रधानांचे, तेही देशाच्या अडचणीच्या वेळी. अशा वेळी दुसरा कोणी पहिल्या विमानाने निघाला असता, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती.

धवन यांनी होकार दिला, पण अटी घालून. अवकाश कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळूरला असावे. विज्ञान संस्थेचे संचालकपद आपल्याकडेच राहावे. आणि अमेरिकेत पत्करलेले काम पुरे करून मगच रुजू होण्याची मुभा असावी. पगार, बंगला, अधिकारपदाचा दर्जा यांतले काही या तीन अटींत नाही. तिन्ही अटींचा रोख आधी हाती असलेल्या कामांकडे आहे. सरकारने त्या मान्य केल्या, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये धवन यांनी सूत्रे हाती घेतली.

मधले नऊ महिने कोणी सांभाळले, हे फारसे कोणाला आठवत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक एम. जी. के. मेनन यांनी आपले काम सांभाळून ती जबाबदारी घेतली. आपल्याला येथे राहायचे नाही हे ठाऊक असूनही त्यांनी खुर्ची नुसती राखली नाही. अवकाश आयोग आणि अवकाश विभाग यांची स्थापना याच काळात, जून १९७२ मध्ये झाली. उशिरा येणाऱ्याला येता यावे म्हणून कोणीतरी मधले दिवस वाहून न्यावे लागतात. अशा माणसाचा सत्कार सहसा होत नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत.

शाळेच्या जगात या प्रश्नाचे नाव साधे आहे: वर्ष अर्धवट सोडणे. एखाद्या शिक्षिकेला ऐन डिसेंबरात सरकारी शाळेचा आदेश येतो. दहावीचा वर्ग तिच्याकडे आहे. इथला पगार तुटपुंजा आहे, तिथे निवृत्तिवेतन आहे, घरी आजारी सासू आहे. तिने जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापनाला नाही. जी संस्था वेतन वेळेवर देत नाही आणि निष्ठेच्या गोष्टी सांगते, तिला तर मुळीच नाही. पण जाण्याजाण्यात फरक असतो. कोणी राजीनामा टेबलावर ठेवून त्याच दिवशी निघून जाते. कोणी पंधरा दिवस नव्या बाईंशेजारी बसून वर्गाची ओळख करून देते: या मुलाला बीजगणितातली चिन्हे अजून उमजत नाहीत, ही मुलगी येत असून हात वर करत नाही, त्या दोघांना शेजारी बसवू नका. तिच्या जाण्याने मुलांचे नुकसान होते, पण थोडके. कंपन्यांतल्या नोटीस पिरियडचा मूळ हेतू हाच असावा. हल्ली तो पैसे भरून चुकवण्याची सोय झाली आहे, ते सोडा.

पालकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ज्या अवकाश कार्यक्रमाचा आज अभिमान वाटतो, तो नोकऱ्या सोडून आलेल्यांनीच उभा केला. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ साली इंग्लंडमधील नोकरी सोडून थुंब्याला आले आणि त्यांनी घन इंधनाच्या कामाला आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. ए. पी. जे. अब्दुल कलाम आधी संरक्षण संशोधनात होते. त्यांनी बनवलेल्या ‘नंदी’ या हॉवरक्राफ्टचे काम वरूनच गुंडाळले गेले आणि मग ते अग्निबाणांकडे वळले. जे काम दुसऱ्यांनीच बंद केले, त्याच्यापाशी बसून राहण्याचे बंधन कोणावर असणार?

पुढे याच कलामांच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. ते एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे प्रकल्प-प्रमुख होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेले पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. नोकरी सोडण्याचा मोह माणसाला अशा दिवशीही होतो, आणि संस्थेला माणूस बदलण्याचा मोह तर त्याच दिवशी होतो. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते धवन. अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतले. प्रकल्प-प्रमुख तेच राहिले. चूक कोठे झाली हे ज्यांना आतून ठाऊक होते, त्यांच्याच हाती दुरुस्ती राहिली. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, आणि त्या वेळी पत्रकारांपुढे धवन यांनी कलामांना बसवले.

त्यानंतर संरक्षण खात्याकडून हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेसाठी कलामांना विचारणा झाली. तोवर एसएलव्ही-३ उडाले होते. कसे उडते हे जाणणारी माणसे तयार झाली होती. १९८२ मध्ये कलाम गेले. धवन १९८१ पर्यंत विज्ञान संस्थेचे संचालक राहिले आणि १९८४ पर्यंत इस्रोचे अध्यक्ष.

एसएलव्ही-३ चे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल १९८३ रोजी झाले. ते यशस्वी झाले. त्या वेळी प्रकल्पाची धुरा दुसऱ्यांकडे होती, आणि कलाम हैदराबादेत नव्या कामाला लागले होते.